कानात राहिलेला शब्द

उज्वला माझ्याकडे आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात ती अतिदक्षता विभागात नर्स होती. औषधांची नावं, तपासण्या, डॉक्टरांच्या सूचना, सगळं इंग्रजीतच चालायचं. पण परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेला वॉर्डातलं इंग्रजी पुरत नाही. तिथे उतारे येतात मधमाश्यांवर, जुन्या नाण्यांवर, वाळवंटातल्या शहरांवर. निबंध लिहायचा तो वाहतुकीवर नाहीतर म्हातारपणावर. त्यासाठी जे शब्द लागतात ते आपल्याकडे बाजारात कोणी बोलत नाही, दवाखान्यातही क्वचितच कानावर पडतात. ते शब्द शिकवणं हा माझा धंदा.

माझं नाव नागसेन. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागे एका डाळीच्या दुकानाच्या माडीवर माझा क्लास आहे. लातुरात क्लास म्हटलं की लोकांना डॉक्टर व्हायला निघालेली पोरं आठवतात. माझ्याकडे येतात त्या नर्सेस, औषध दुकानात काम करणारे, एखादा आखातात जाऊन परत आलेला वेल्डर. खालून तुरीच्या डाळीचा धुरळा वर येतो, त्यामुळे मधूनमधून शिंकत शिकवावं लागतं. माझी पद्धत साधी आहे. शब्द फळ्यावर लिहायचा, मोठ्यानं म्हणायचा, आणि प्रत्येकानं त्याचं एक वाक्य करायचं. मात्र वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे. पुस्तकातलं वाक्य परीक्षेच्या दिवशी पळून जातं. घरातलं कुठं जात नाही. उज्वलाच्या बाबतीत ते माझ्या कल्पनेपेक्षा जास्त खरं निघालं.

ती खिडकीशी बसायची. ड्युटीवरून थेट आलेली असली की डोळे तांबारलेले असायचे, पण जांभई देताना मी तिला कधी पाहिलं नाही. तिच्याबद्दल मला पहिल्यांदा काही सांगितलं ते जिक्रानं. जिक्रा माझ्या क्लासमधलीच, अहमदपूरची, शिलाईकाम करणाऱ्या घरातली मुलगी. उज्वलाच्याच दवाखान्यात औषधाच्या काउंटरवर बसायची आणि दोघी एकाच खोलीत राहायच्या.

"सर, आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक डॉक्टरला नाही, ताईला विचारतात," जिक्रा म्हणाली. "डॉक्टर सांगून गेले की ताई पुन्हा मराठीत सांगते. वाईट असलं तरी सांगते. एकदा त्यावरून वरच्यांची बोलणीपण खाल्ली तिनं."

"असं का करते?"

"तिच्या भावाच्या वेळी यांच्या घरच्यांना कोणी सांगितलंच नव्हतं म्हणे."

उज्वलाचं घर मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात. वडील ग्यानोबा, आई साखराबाई. पाणी असलेली जमीन, दोन म्हशी, खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. भाऊ आदिनाथ तिच्यापेक्षा चांगलाच मोठा. तो दहावीनंतर शेतीत राहिला आणि बहिणीला मात्र त्यानं हट्टानं लातूरला शिकायला घातलं. ती सुट्टीत घरी आली की तो तिच्या पुस्तकांतले शब्द बोटानं दाखवायचा. बियाण्याच्या पिशवीवर, पंपाच्या खोक्यावर, कुठंही इंग्रजी अक्षर दिसलं की विचारायचा, "उजे, हे म्हंजी काय?" ती सांगायची. तिला येत नसलं तर ती ठोकून द्यायची आणि तो मान डोलवायचा.

ती बारावीत होती त्या वर्षी, ऑक्टोबरच्या उन्हात, आदिनाथ बांधावर तणनाशक फवारत होता. उरलेलं औषध त्यानं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून लिंबाखाली ठेवलं होतं. शेजारीच पाण्याची बाटली होती. दुपारी घसा सुकला म्हणून तो सावलीत आला आणि हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली. चव कळताच थुंकून टाकलं. घोटभरच पोटात गेलं असेल. तो आपल्या पायांनी चालत घरी आला, चुळा भरल्या, आणि काय झालं ते हसतच सांगितलं.

नांदेडला न्यायचं की लातूरला, यावर घरात थोडी चर्चा झाली. लातूरला उज्वला आहे, ती डॉक्टरांशी इंग्रजीत बोलेल, असं ग्यानोबा म्हणाले, म्हणून लातूरला आणलं.

तणनाशकाचा हा प्रकार फार फसवा असतो. माणूस बसलेला असतो, बोलत असतो. तोंडात फोड येतात, गिळता येत नाही, एवढंच दिसतं. आतून मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होत जातात. आदिनाथ पलंगावर उशीला टेकून बसायचा आणि गावाकडची चौकशी करायचा. घरी म्हैस व्यायली होती, ती त्याला बघायची होती. "उजे, आबाला म्हण, घरी चला. हितं पंख्याचा आवाज लई हाय," असं तो म्हणायचा. उज्वला त्याची समजूत काढायची. दिवाळीच्या आधी तो गेला, त्याच वॉर्डात.

तेव्हापासून त्या घरात एकच वाक्य ऐकू यायचं. पाहुणा आला, सोयरा आला, विषय निघाला की ग्यानोबा म्हणायचे, "आमाला कुनी सांगितलंच न्हाई." साखराबाईही तेच म्हणायच्या. उज्वला बारावीनंतर नर्सिंगला गेली ती या वाक्यामुळं. आपण वॉर्डात असू आणि आपल्यासमोर कोणाला न सांगता त्याचं माणूस जाणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. त्या वाक्यावर तिनं आपला सगळा जन्म उभा केला होता म्हटलं तरी चालेल.

माझ्या क्लासला आल्यावर ती दुपारी खोलीवर शब्द पाठ करायला लागली. रात्रपाळी करून आलेली, खिडकीला चादर लावलेली, जिक्रा ड्युटीवर गेलेली. ती एकेक शब्द मोठ्यानं म्हणायची. इनएव्हिटेबल. निग्लिजिबल. प्रोलाँग. आणि एका दुपारी, शब्द म्हणून झाला न झाला तोच, समोरच्या कॉटवरून आवाज आला.

"म्हंजी काय?"

तिनं मान वर केली. कॉटवर जिक्राची घडी केलेली ओढणी होती, बाकी काही नाही. झोप नीट झाली नाही, असं तिला वाटलं. तिनं पुढचा शब्द म्हटला. पुन्हा तेच. आवाज आदिनाथचा होता, आणि तोही दवाखान्यातला, तोंडात फोड आल्यावर जसा जड झाला होता तसा. ती मला नंतर म्हणाली, "सर, भीती नाही वाटली. उलट उत्तर द्यावंसं वाटलं. इतकी वर्षं कोणी मला शब्दाचा अर्थ विचारला नव्हता."

आणि ती उत्तर द्यायला लागली. "इनएव्हिटेबल म्हंजी टळत न्हाई ते, दादा." "निग्लिजिबल म्हंजी न धरल्यासारखं, इतकं थोडं." मग वाक्य. मी घरातलं वाक्य करायला सांगितलं होतं, आणि तिच्या घरात सांगण्यासारखं एकच घडलं होतं. त्यानं गिळलेलं औषध निग्लिजिबल होतं. त्याचं जाणं इनएव्हिटेबल होतं. प्रत्येक शब्दाला तो चिकटत गेला. मी क्लासमध्ये तिची वाक्यं ऐकायचो, व्याकरण तपासायचो आणि छान म्हणायचो. त्यांच्यातलं माणूस एकच आहे, हे मला कळलं नव्हतं.

जिक्राला कळलं होतं. एकदा ती लवकर परत आली तर दार बंद आणि आतून उज्वलाचा आवाज. कोणाला तरी समजावत असल्यासारखा, मध्ये थांबणारा. दार उघडल्यावर आत ती एकटीच होती.

"कोणाशी बोलत होतीस, ताई?"

"पाठ करून राहिले."

जिक्रानं त्या दिवसापासून दुपारची ड्युटी बदलून घेता येते का ते बघितलं, पण तसं जमलं नाही.

मग तो दिवस आला. मी फळ्यावर एकसारख्या शेवटाचे शब्द लिहिले होते. फ्रॅजाईल, होस्टाईल, फ्युटाईल. पहिल्या दोन शब्दांची वाक्यं झाली. तिसरा शब्द मी मोठ्यानं म्हटला आणि अर्थ सांगितला, "व्यर्थ. ज्याचा काही उपयोग होणार नाही असं." आणि उज्वलाकडे बोट केलं.

ती उभी राहिली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "फर्दर इंटरव्हेन्शन वुड बी फ्युटाईल."

"वाक्य उत्तम आहे," मी म्हटलं. "पण हे पुस्तकातलं झालं. घरातलं सांग."

"घरातलंच आहे, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

क्लास सुटल्यावर ती हलली नाही. जिक्रा तिच्याजवळ थांबली, मीही थांबलो. तेव्हा तिनं सांगितलं.

आदिनाथला ठेवलं होतं त्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होता, दुसऱ्या राज्यातला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. ग्यानोबांनी उज्वलाला पुढं केलं होतं. एका सकाळी त्यानं तिला वॉर्डाबाहेर बोलावलं आणि भिंतीला टेकून, हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली. "फर्दर इंटरव्हेन्शन वुड बी फ्युटाईल. इट्स अप टू द फॅमिली नाऊ." आणि विचारलं, समजलं का. ती म्हणाली, यस सर.

तिला फर्दर कळलं होतं, म्हणजे पुढे. इंटरव्हेन्शन म्हणजे दवाखान्यातलं काहीतरी, ऑपरेशनसारखं. फ्युटाईल तिनं आधी कधी ऐकला नव्हता. तिच्या कानाला तो फ्युचरसारखा लागला. फॅमिली म्हणजे घरच्यांची परवानगी. तिनं आत येऊन सांगितलं, "आबा, पुढं अजून एक इलाज हाय. तुमची परवानगी पाहिजे." ग्यानोबा म्हणाले, "करा म्हण त्यांना, लागंल ते करा." तिनं बाहेर जाऊन डॉक्टरला सांगितलं, "यस सर. वी आर रेडी." डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसती मान हलवून निघून गेला.

"म्हणजे सांगितलं होतं, सर," उज्वला म्हणाली. "मलाच सांगितलं होतं. आणि दादा घरी चला म्हणायचा तेव्हा मी त्याला सांगत होते, थांब, पुढचा इलाज यायचाय."

जिक्रानं तिचा हात धरला. मी फळ्यावरचे तिन्ही शब्द पुसले. शब्दाचा अर्थ सांगणारा मीच होतो.

त्यानंतर खोलीतला आवाज वाढला. आता तो एकाच शब्दाचा अर्थ विचारायचा. उज्वला कोणताही शब्द म्हणो, मधमाश्यांवरचा असो की नाण्यांवरचा, समोरून यायचं, "त्यो डाक्टर म्हनला ते म्हंजी काय?" ती आता उत्तर देत नव्हती. पुस्तक मिटून ती जिन्यात जाऊन बसायची. वॉर्डातही तिचं सांगणं थांबलं. नातेवाईक विचारायला आले की ती डॉक्टरांकडे बोट करायची. जिक्रानं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, परीक्षा पुढे ढकलू. उज्वला तयार झाली नाही.

परीक्षा हैदराबादला होती. ती गेली आणि दिली. ऐकण्याच्या भागात कानाला हेडफोन लावलेला असतो आणि प्रश्न एकदाच ऐकू येतो. एक बाई कुठल्याशा वस्तुसंग्रहालयाची माहिती सांगत होती. तिच्या आवाजाच्या मागून तो जड आवाज आला आणि उज्वला मागे वळून बघायला लागली. परीक्षकानं तिला टेबलावर बोट ठेवून पुढे बघायला सांगितलं. तोवर अर्धं संग्रहालय निघून गेलं होतं. त्या भागात ती नापास झाली.

निकाल आल्यावर जिक्रानं तिची बॅग भरली. "घरी जा," ती म्हणाली. "मला सांगून झालं, सरांना सांगून झालं. आम्ही ऐकून काय करणार? ज्याला उलटं सांगितलं त्याला जाऊन सांग."

उज्वला मुखेडच्या एसटीत बसली.

ग्यानोबा शेतात हरभऱ्याला पाणी देत होते. ती सरळ बांधावर गेली, चप्पल काढून ओल्यात उतरली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"आबा, दादाला आता कायबी इलाज उरला न्हाई, असं त्या डॉक्टरनं मला सांगितलं हुतं. मला कळलं न्हाई. मी तुमाला उलटं सांगितलं."

ग्यानोबांनी फावड्यानं एका सरीचं तोंड बुजवलं, दुसरीचं उघडलं. पाणी वळलं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

उज्वलाला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली.

"ठावं हाय म्हणलो ना. त्याच दिवशी संध्याकाळी मोठा डाक्टर आलता. तू कपडे आणायला हॉस्टेलला गेलतीस. त्यानं मला आपल्या बोलीत सांगितलं. पोराची इच्छा हाय तर घरी न्या म्हणला."

"मग नेलं कामून न्हाई?"

ग्यानोबांनी सरीत अडकलेलं ढेकूळ फावड्यानं बाजूला केलं. "घरी न्यायचं म्हंजी मरायला न्यायचं. मला न्हाई जमलं. हितं नळ्या हुत्या, मशिनी हुत्या. कायतरी चालू हाय असं दिसत हुतं."

"दादाला ठावं हुतं?"

"त्यानं इचारलं. मला खोटं बोलता आलं न्हाई." फावडं त्यांनी मातीत रोवलं. "म्हणला, उजीला कळू देऊ नका. तिला वाटून राहिलं पुढं कायतरी हाय, तर वाटू द्या. तिचं बारावीचं वर्ष हाय."

उज्वला तिथंच बांधावर बसली. तिनं विचारलं, "मग तो मला रोज कामून इचारत हुता? पुढचा इलाज म्हंजी काय, कसा करत्यात, असं?"

"तुला बोलायला लावायचा. तू सांगाया लागलीस की त्याला बरं वाटायचं. तू गेल्यावर मला म्हणायचा, लई छान सांगती."

"आणि तुम्ही सगळ्यांना कुणी सांगितलंच न्हाई म्हणत राहिलात."

"मग काय म्हणायचं हुतं गावात? पोरगी शिकलेली हुती अन् तिला उमगलं न्हाई, असं?" ते म्हणाले. "तुझ्या मायला मात्र आता नको सांगू. तिला त्या डाक्टरचाच राग असू दे."

ती दोन दिवस राहिली आणि लातूरला परत आली. सगळं एका दमात सुटलं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. दुपारचा आवाज चालूच राहिला. फरक इतकाच, की तो काय करतो आहे ते तिला आता माहीत होतं. तो तिला बोलायला लावत होता. ती पुन्हा उत्तरं द्यायला लागली, पण आता ती त्याला अर्थ उलटे सांगत नव्हती आणि गोडही करत नव्हती. फ्युटाईलचा अर्थ तिनं एका दुपारी सांगून टाकला. त्या दिवशी ती क्लासला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि मी तिला वाक्य विचारलं नाही.

वॉर्डात ती पुन्हा बोलायला लागली, हळूहळू. आता एक नवी सवय तिला लागली होती. नातेवाइकाला सांगून झालं की ती म्हणायची, "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा." लोक चिडायचे. ती ऐकल्याशिवाय जात नसे.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा हेडफोनमध्ये तो आवाज आलाच. तिनं मागे बघितलं नाही. लिहीत राहिली. यावेळी पास झाली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका दवाखान्यानं तिला नोकरी दिली. ऐकू आलेल्या गोष्टीचा खरेखोटेपणा मी तिला कधी विचारला नाही. जिक्रा आता त्याच खोलीत उज्वलाच्या कॉटवर झोपते आणि म्हणते, मला काही ऐकू येत नाही.

उज्वला इंग्लंडला जायच्या आधी ग्यानोबा लेकीला भेटायला लातूरला आले. आदिनाथ गेल्यापासून ते या शहरात आले नव्हते. लातूरची कामं ते नांदेडला जाऊन करायचे. बसस्टँडवर उतरल्यावर ते उज्वलाला म्हणाले, "त्यो दवाखाना दाखव."

दोघं ऑटोनं गेले. इमारतीला नवा रंग दिला होता, खाली चष्म्याचं दुकान आलं होतं, दवाखाना दुसरीकडे हलला होता. समोर रसाचं गुऱ्हाळ होतं तिथं ते बाकड्यावर बसले. ग्यानोबांनी वर बोट केलं.

"ती खिडकी. कोपऱ्यातली."

"न्हाई आबा," उज्वला म्हणाली. "मधली. तिथून टाकी दिसायची."

"टाकी न्हवती. झाड हुतं. तुझा दादा त्या झाडाकडं बघत बसायचा."

तिथं झाड नव्हतं, आणि टाकीही नव्हती. उज्वलानं उठून रस्त्याच्या कडेपर्यंत जाऊन दोन्ही खिडक्या पाहिल्या. परत आली तेव्हा ग्यानोबांचा ग्लास तसाच भरलेला होता. ते कोपऱ्यातल्या खिडकीकडे बघत होते. ती त्यांच्या शेजारी बसली आणि मधल्या खिडकीकडे बघत राहिली.